दुसरा सल्ला

घरातील विजेचा बंब गळू लागला, की सारे गांगरून जातात. कारागीर येतो, वरवर पाहतो आणि सांगतो, "टाकी गेली, नवा बंब घ्या." अशा वेळी काय करावे? प्रथम वडील माणसांकरवी बंबाची वीज बंद करवावी आणि दुसऱ्या जाणकाराला बोलवावे.

जाणकार आधी विचारतो, "पाणी कोठून गळते? केव्हा गळते?" या प्रश्नांतच सारे मर्म आहे. पाणी तापले की प्रसरण पावते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले, तर ते सुमारे एक-तृतीयांश लिटरने वाढते. त्याला वाट मिळाली नाही, तर टाकीतील दाब वाढतो. म्हणून बंबाला सुरक्षा-झडप असते. बंब तापताना तिच्यातून थेंब पडले, तर तो बिघाड नव्हे. ती झडप मात्र कधीही बुजवू नये. बंब फुटण्याचा धोका असतो. बंब गार असतानाही ती गळत राहिली, तर झडप व नळाच्या पाण्याचा दाब तपासून घ्यावा. नळीचा सांधा ढिला असल्यास तो आवळता येतो. परंतु टाकीच गंजून झिजली असेल, तर पहिल्या कारागिराचेच म्हणणे खरे ठरते.

मुलांनो, दुसरा सल्ला स्वस्त म्हणून स्वीकारू नये आणि पहिला महाग म्हणून टाकू नये. दोघांनाही कारण विचारावे. जो कारण दाखवून देईल, त्याचे ऐकावे.

स्वाध्याय
१. बंबाला सुरक्षा-झडप का असते?
२. पहिल्या कारागिराचे म्हणणे केव्हा खरे ठरते?