प्लास्टर, कूलर आणि तांब्याभर पाणी

बिदर-कलबुर्गीकडं कुणाचा पाय मोडला की भेटायला येणारा माणूस मोसंबी आणि सल्ला घेऊन येतो. मोसंबी एखादा विसरेल, सल्ला कुणी विसरत नाही. समोरच्या घरातल्या खालाजाननं पायाचा शोरबा सुचवला, शेजारच्या लिंगायत अक्कांनी डिंकाचे लाडू सांगितले, आणि भालकीहून आलेल्या आमच्या दिरांनी तर हाडवैद्याचा पत्ताच खिशातून काढला. "वैनी, प्लास्टर काढून टाका, तीन पट्ट्यांत चालायला लागताव," असं ते सगळ्यांदेखत सांगून गेले. उन्हाबद्दल मात्र एकही माणूस बोलला नाही. बोलणार तरी काय? कलबुर्गीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतोच, त्यात सांगण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. पण मोडलेल्या पायानं तो उन्हाळा काढल्यावर माझं मत असं झालं की हाड आपल्या गतीनं जुळतं, त्याची काळजी डॉक्टर घेतात. घरच्यांनी सांभाळायची ती उन्हाची बाजू.

मी पडले तेही उन्हाळ्यामुळंच. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. शहाबाद इथून जवळच, त्यामुळं या भागात घरोघरी तीच. वर्षानुवर्षं पुसून पुसून ती गुळगुळीत झालेली असते. चार वाजून गेले की फरशीवर पाणी मारून घर गार करायचं ही इकडची जुनी रीत. ओली शहाबादी आणि झिजलेली चप्पल एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं हाड मोडलं, पण सरकलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन टळलं. फरशीवर पाणी मारू नका असं मी म्हणणार नाही, ते कुणी ऐकणारही नाही. मारल्यावर ती वाळेपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उठू देऊ नका, एवढं करा. न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी रबरी मॅट टाका. पायपुसणी म्हणून जुनं गोणपाट टाकायची सवय मोडा, वॉकरचा पाय त्यात हमखास अडकतो.

आधी कच्चं प्लास्टर होतं, सूज उतरल्यावर पक्कं घातलं. पक्क्यात साधं आणि फायबरचं असे दोन प्रकार असतात. फायबरचं हलकं असतं, पैसे जास्त पडतात. ते पाण्यानं विरघळत नाही म्हणून ओलं झालं तरी चालतं असा एक गैरसमज आहे. आतला कापूस दोन्ही प्रकारांत असतो, तो भिजला की लवकर वाळत नाही आणि खाली कातडी कुजायला लागते. साधं प्लास्टर वरून घट्ट वाटलं तरी पूर्ण वाळायला दोनेक दिवस जातात. तेवढ्या वेळात ते उघड्या हवेत, उशीवर ठेवायचं. अंगणातल्या उन्हात पाय पसरून बसा, लवकर वाळेल, असं मला दोघातिघांनी सांगितलं. तसं करू नये. वरचं कवच तापतं, आतली ओल तशीच राहते.

खाज ही उन्हाळ्याची खास देणगी. प्लास्टरच्या आत घाम जिरायला जागा नसते आणि दुपारी दोनच्या सुमाराला अशी खाज सुटते की माणूस देवाचं नाव घ्यायचं सोडून विणायची सुई शोधतो. सुई, पट्टी, झाडूची काडी, काही आत घालायचं नाही. आत ओरखडा उठला की दिसत नाही, आणि घामात तो चिघळतो. पावडरही ओतू नये, तिचे गोळे होऊन टोचतात. बाहेरून हलकेच टिचक्या मारणं, बोटं हलवणं, हेअर ड्रायर असला तर त्याची गार हवा कडेनं सोडणं, एवढंच हाती असतं. मात्र गोळी घेऊनही दुखणं वाढत चाललं, बोटं निळसर-पांढरी पडली, बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर रात्र असो की भर दुपार, लगेच दवाखाना गाठायचा. "सकाळी बघू" हे शब्द तिथं चालत नाहीत. प्लास्टरला घाण वास यायला लागला किंवा ताप आला तरी तेच.

आता पाण्याकडं येते. पाय उचलता येत नाही, संडासला जायचं म्हणजे सुनेला हाक मारायची, ती हातातली भाकरी टाकून येणार, वॉकर धरणार, दारात उभी राहणार. दिवसातून दोनदा हे झालं की माणूस मनातल्या मनात हिशेब करतो आणि पाणी कमी पितो. कुणाला सांगत नाही. घरच्यांना वाटतं, बिचारी त्रास देत नाही. मीही तेच केलं, आणि माझ्या वयाच्या ज्या ज्या बायकांशी नंतर बोलले त्यांनी दुखण्यात तेच केलं होतं. थंडीत हे कदाचित खपून जाईल. कलबुर्गीच्या मे महिन्यात, जिथं नुसतं बसल्या जागी अंग पाणी सोडत असतं, तिथं चार दिवसांत लघवी गडद पिवळी झाली, जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. दवाखान्यात सगळे प्लास्टरकडं बघत होते. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. "नीरु कुडीरी, अम्मा," हे त्या इतक्यांदा म्हणाल्या की कन्नड न येणाऱ्या आमच्या भावजयीलाही ते पाठ झालं.

त्यांनी समजावलेली गोष्ट प्रत्येक घरानं ऐकावी अशी आहे. दुखणं कमी करायच्या बऱ्याचशा गोळ्या अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाला त्रास देतात. काही जोरदार गोळ्यांनी आधीच पोट साफ होत नाही, त्यात पाणी कमी म्हणजे बद्धकोष्ठ ठरलेलं. आणि पडून राहिलेला पाय, अंगातलं आटलेलं पाणी, या दोन्हींमुळं पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पोटरी एकाएकी दुखायला लागली, मांडी सुजली, किंवा कारण नसताना दम लागला, छातीत दुखलं, तर ते उन्हानं झालं असं म्हणून कांदा हुंगवत बसू नये. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी होणाऱ्या गोळ्या चालू आहेत, ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे, त्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरलाच विचारावं; त्यांना माझा तांब्या लागू नाही.

उपाय निघाला तो पाण्यात नव्हता, संडासात होता. आमचं संडास खाली बसायचं, तेही अंगणाच्या टोकाला. कमोडची खुर्ची म्हणून एक वस्तू मिळते, मध्ये भोक, खाली भांडं. मोठ्या गावात दवाखान्याचं सामान विकणारे ती भाड्यानंही देतात. ती खोलीत पडद्याआड ठेवली आणि माझं पाणी पिणं आपोआप वाढलं. पहिले दोन दिवस लाज वाटली. नंतर वाटलं, ही खुर्ची पहिल्या दिवशीच यायला हवी होती, मोसंब्यांच्या आधी. दुखणाईत माणूस घरी आणताना गादी-उशी बघतात तशी संडासाची सोय आधी बघा.

पिण्यात इकडं तोटा नाही. ज्वारीच्या पिठाची अंबील, मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, माठातलं पाणी. जुलाब-उलट्या झाल्या किंवा घामानं गळून गेलं तर ओआरएसची अख्खी पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात घालून चव बघत पिणं चुकीचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तांब्या हाताच्या अंतरावर ठेवा, नजरेच्या अंतरावर ठेवून उपयोग नाही.

खोली कुठली, हाही प्रश्न आलाच. मुलानं मला वरच्या खोलीत ठेवायचं ठरवलं होतं, तिथं निवांत. पण वरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडतो. घरचे गच्चीवर झोपायला जातात, प्लास्टरवाला माणूस त्या भट्टीत एकटा. आमच्या बसवकल्याणच्या जुन्या घराला माळवद होतं, जाड मातीचं, आत दुपारी गोधडी घ्यावीशी वाटे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि तसल्या जड माळवदांखाली माणसं गाडली गेली, आणि मग सीमेच्या दोन्ही बाजूंना लोकांचा मातीच्या छतावरचा विश्वासच उडाला. बरोबरच झालं. पण पत्रा आणि स्लॅब आले तसा उन्हाळाही घरात आला. कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद सगळीच्या सगळी छताखाली आहे, मधलं उघडं अंगण नाही. जाणकार त्याची वेगवेगळी कारणं देतात. मे महिन्यात एकदा आत उभं राहिलेल्याला एक कारण आपोआप सुचतं. थोडक्यात, आजारी माणसाला तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली द्या. वरचीच असेल तर गच्चीला चुना मारा, फरक पडतो.

कूलर इथं चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. त्यासाठी खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर सोडला की खोलीत नुसती दमट वाफ कोंडते, आणि वळवाचे पाऊस सुरू झाले की तोच कूलर चिकचिक वाढवतो. लोखंडी कूलरला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढा. आणि टाकीतून सांडलेलं पाणी थेट वॉकरच्या वाटेत येतं, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला पटणार! वीज गेली तर ओला पंचा मानेवर आणि हातांवर. फार तापलेल्या खोलीत नुसता पंखा गरम वारंच फेकतो, ओल्या पंच्याबरोबर मात्र तो कामाला येतो. पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग चटका बसेल इतकं तापलं आणि ते असंबद्ध बोलायला लागलं, तर तो उष्माघात समजावा: अंगावर पाणी, वारा, आणि ताबडतोब दवाखाना.

बाहेर पडायचं ते सकाळी. एप्रिल-मेमध्ये आमच्या कलबुर्गी विभागात सरकारी कचेऱ्यांची वेळ बहुतेक दरवर्षी आठ ते दीड केली जाते, तेव्हा रजेचा, विम्याचा कागद आठलाच उरकावा. उन्हात उभ्या रिक्षाची सीट आणि ॲल्युमिनियमचा वॉकर, दोन्ही चटके देतात. मुठींना सुती कापड गुंडाळा. वॉकरच्या आणि कुबड्यांच्या खालचे रबरी बूट तापल्या सिमेंटवर भराभर झिजतात, जोडी जास्तीची आणून ठेवा. ११ जून २०२३पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट नाही, ही मोठी सोय. पण त्या गर्दीत कुबड्या घेऊन उंच पायरी चढणं हे वेगळं साहस आहे, आणि मला त्याची हौस नाही. गावाकडं जायचंच तर बिदर-कलबुर्गी रेल्वे बघा. २९ ऑक्टोबर २०१७ला हा मार्ग सुरू झाला, हुमनाबादवरून जातो. समोरच्या बाकावर पाय तरी ठेवता येतो.

दिरांच्या हाडवैद्याचं राहिलं. मुरगळ्याला चोळून बरं वाटलेली माणसं आमच्या घरातही आहेत, त्यांची टिंगल मी करणार नाही. पण मोडलेल्या हाडावर बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलं की सूज वाढल्यावर रक्त अडतं, आणि त्यात पाय काळा पडून कापावा लागल्याचे प्रकार डॉक्टर मंडळी पाहत आलेली आहेत. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसलं की चोळणं आणि आवळणं बंद, एवढी रेघ घरातल्या कुणीतरी ठामपणे ओढावी. आमच्याकडं ती सुनेनं ओढली. दीर आठ दिवस रुसले.

दवाखान्याचा कागद इंग्रजीत, बोलणं कन्नडात, कंपाउंडर दखनीत आणि घर मराठीत, अशी आमची गत. समजलं नसेल तर "हूं री" म्हणून मान डोलावू नये. औषधाच्या दुकानात प्रत्येक पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून घ्या, कुठल्याही भाषेत कळतात. गोळ्या खिडकीत किंवा पत्र्याच्या कपाटावर ठेवू नका, उन्हानं त्याही बिघडतात.

मृगाच्या तोंडावर प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो बारीक, खवल्यांचा, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. खवले खरवडू नयेत, कोमट पाण्यानं आणि तेलानं ते आठवड्यात जातात. ती नवी कातडी नाजूक असते, तेव्हा तापल्या अंगणात अनवाणी पाय टाकू नये. घोटा संध्याकाळी सुजतो, महिनोन् महिने सुजू शकतो, त्याला घाबरायचं कारण नाही. व्यायाम मात्र सकाळी सहालाच; नऊनंतर इथं निरोगी माणूसही व्यायाम करत नाही.

आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते. ती उलट हातात धरायची, काठी आणि दुखरा पाय एकदम पुढं टाकायचे, उंची मनगटापर्यंत. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं हे मला अंगणात चालवून दाखवलं तेव्हा पलीकडचे पाटीलकाका कठड्यावरून बघत होते. गुडघ्यासाठी काठी ते कित्येक वर्षं दुखऱ्या बाजूलाच धरून चालत आलेत. दुसऱ्या दिवशी काठी दुसऱ्या हातात होती. विचारलं तर म्हणाले, "हात दुखूलालता म्हणून बदललो."