शांत कुत्रा दत्तक घेताना

कुत्रा दत्तक घ्यायला निघालेल्या बहुतेकांची मागणी सारखीच असते : वयानं लहान हवा, पण स्वभावानं शांत हवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असणाऱ्यांचं हे म्हणणं रास्तच आहे. आमचीही अट हीच होती आणि बुंदी तिच्यात चपखल बसली, म्हणून ती आमच्याकडे आली. तिनं आम्हाला जे शिकवलं ते आधीच सांगते. रस्त्यावरून सोडवून आणलेल्या तरुण कुत्र्याचा सुरुवातीचा शांतपणा हा त्याचा स्वभाव असेलच असं नाही. तो भीतीमुळे असू शकतो, आजारामुळे असू शकतो. नेमका कशामुळे आहे हे कळेपर्यंत त्याच्यावर विसंबून राहू नये.

बुंदी पुण्यातल्या एका बांधकामाच्या जागेवर सापडलेली, वर्षाच्या आतली. आई गावठी, आणि कान पडके म्हणून बाप लॅब्रॅडोर असावा असा सगळ्यांचा अंदाज. असे अंदाज बऱ्याचदा चुकतात, आणि कान-शेपटी पाहून स्वभाव तर मुळीच कळत नाही. निवारा केंद्रातली मुलगी म्हणाली, "ताई, एकदम शांत आहे, भुंकतसुद्धा नाही." ती खोटं बोलत नव्हती. तिथे बुंदी तशीच होती.

घरी आल्यावर ती जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि तिथेच राहिली. माणसं समोर असताना अन्नाला तोंड लावायची नाही. दिवे मालवले की वाटी रिकामी. कुणी जवळ गेलं की जागच्या जागी ताठरायची. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, मान न वळवता डोळे तेवढे वळतायत आणि त्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. शेजारी कौतुकानं म्हणायचे, "किती गुणी आहे हो!" प्रत्यक्षात ही सगळी भेदरलेल्या कुत्र्याची लक्षणं. पळायला वाट नसली की अनेक कुत्री हालचालच बंद करतात, आणि आपल्याला ती शहाणी वाटतात.

दुसरी गोष्ट आईच्या नजरेला आली. जिना चढताना बुंदी मधल्याच पायरीवर बसून राहायची. या वयाच्या कुत्रीनं जिन्यावर दमावं हे आईला पटेना. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात त्या पांढुरक्या पडल्या होत्या. मग पंजाच्या बेचक्या फाकवून दाखवल्या, कान आतून दाखवले. दोन्हीकडे गोचीड चिकटलेले. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट घसरलेल्या आणि हिमोग्लोबिनही कमी. निदान झालं टिक फीवरचं, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया या जंतूच्या संसर्गाचं. आपल्याकडच्या उष्ण हवेत हा आजार कुत्र्यांमध्ये नेहमी आढळतो. ताप, भूक मंदावणं, मरगळ, कधी नाकातून रक्त अशी त्याची लक्षणं. यातली मरगळ पाहणाऱ्याला सहज शांतपणा वाटते. डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा कोर्स झाला, आणि त्यानंतर आमच्या घरात जणू दुसरीच कुत्री वावरू लागली.

ही बुंदी डिलिव्हरीवाल्यांवर भुंकायची, पट्टा ओढत रस्त्यानं धावायची, चपला कुरतडायची. बरी झालेली, पोटभर खाणारी, ऐन उमेदीतली कुत्री जे करते तेच ती करत होती. प्रसंग ओढवला तो सुट्टीत. भाचा राहायला आला होता. बुंदी टेबलाखाली चघळायचं हाड घेऊन बसली असताना तो लाडानं तिला मिठी मारायला आत सरकला. ती गुरगुरली. त्या पोराला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. पुढच्या क्षणी तिचा दात त्याच्या हाताला लागला. जखम लहान होती. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला, लगेच डॉक्टर गाठले आणि त्यांनी सांगितलेली इंजेक्शनं वेळापत्रकानुसार पूर्ण केली. कुत्रा घरचा असो, त्याचं लसीकरण झालेलं असो, हे टाळायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

घरात "परत देऊन टाका" असा सूर निघाला. आम्ही तिला ठेवलं, आणि आज ती खरोखर निवांत आहे. पण हा निवांतपणा वेगळा आहे. पोट उघडं टाकून कुशीवर झोपते, नावानं हाक मारली की शेपूट हलवत येते, नको असेल तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिथवर पोचायला जे उपयोगी पडलं ते पुढे देत आहे.

आणण्यापूर्वी

कुत्रा एकाच भेटीत पसंत करू नका. वेगवेगळ्या वेळी जा, त्याला पिंजऱ्याबाहेर आणायला सांगा. तुमच्यासमोर खातो का, स्वतःहून जवळ येऊन वास घेतो का, अचानक आवाज झाला तर दचकून किती वेळात सावरतो, हे पाहा. खरा शांत कुत्रा दचकतो, पण लवकर सावरतो आणि पुन्हा चौकसपणे पाहू लागतो. कोपऱ्यात खिळून बसणारा, खाऊकडेही न पाहणारा कुत्रा घाबरलेला असतो. त्यालाही जरूर घर द्या, पण तो घाबरलेला आहे हे धरून तयारी करा. कायमचा निर्णय घेण्याआधी काही काळ सांभाळायला, म्हणजे फॉस्टरवर मिळत असेल तर उत्तम.

सर्वांत आधी डॉक्टर

घरी नेण्याच्या सुमारासच तपासणी करून घ्या. कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागणं म्हणजे ताप नव्हे. थर्मामीटरच लावावा लागतो. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. अनेक गावठी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तिथे खालच्या पापणीचा आतला भाग पाहा. मरगळ असेल तर रक्ततपासणीचा आग्रह धरा. जंताचं औषध, रेबीजची आणि पार्व्हो-डिस्टेंपरची लस यांची नोंद मागून घ्या. नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारून पहिल्यापासून सुरुवात करा. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका. आपल्याला चालणारी काही औषधं त्याच्या जिवावर बेततात. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून काढा, रॉकेल ओतू नका. आणि घरही साफ करा, कारण गोचिडाची मादी अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, भिंतीच्या फटींत घालते.

पहिले दिवस

दत्तक देणाऱ्या लोकांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा आहे. तीन दिवस बुजण्याचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने आपलेपणा वाटू लागण्याचे. काहींना याहून बराच जास्त वेळ लागतो. या काळात त्याला एक कोपरा द्या आणि तो फक्त त्याचाच ठेवा. पाहुण्यांना बोलावून दाखवू नका. बाहेर नेताना अंगाला नीट बसणारा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, कारण भेदरलेला कुत्रा एका झटक्यात गळपट्ट्यातून मान सोडवून पळतो. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत तर दार उघडतानासुद्धा सांभाळा.

मुलं आणि कुत्रा

कुत्रा खाताना, झोपताना किंवा त्याच्या कोपऱ्यात असताना मुलांनी जवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही. कुत्रा कितीही शांत असला तरी मोठं माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र सोडायचं नाही. आणि गुरगुरला म्हणून त्याला कधी मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दिल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. आम्ही बुंदीच्या वाटीला हात लावणं बंद केलं. उलट ती खात असताना लांबूनच चिकनचा तुकडा वाटीत टाकून पुढे निघून जायचो. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट मिळतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि गुरगुरणं आपोआप ओसरलं.

सोसायटी आणि कायदा

महापालिकेचा परवाना लागत असेल तर काढा, रेबीजची लस ठरल्या वेळी द्या, योग्य वयात नसबंदी करून घ्या, फिरताना घाण स्वतः उचला. हे नीट केलं तर सोसायटीत ताठ मानेनं बोलता येतं. सरसकट कुत्रेबंदीचा ठराव सोसायटीला करता येत नाही, असं जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेलं आहे. उलट बाजूही ध्यानात असू द्या : पाळलेला प्राणी उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

दत्तक गेलेली अनेक कुत्री परत येतात ती नेमकी या टप्प्यावर : भीती गेलेली असते, तब्येत सुधारलेली असते आणि कुत्रा पहिल्यांदाच कुत्र्यासारखा वागू लागलेला असतो. घरच्यांना वाटतं आपली फसवणूक झाली. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. शांत कुत्रा हवा असेल तर वयानं मोठा, काही महिने कुणाच्या तरी घरात राहिलेला, ज्याचा स्वभाव दिसून आलेला आहे असा घ्या. अशी कितीतरी गुणी कुत्री केंद्रांत वर्षानुवर्षं वाट पाहत पडून आहेत. तरुण घेणार असाल तर आज दिसणाऱ्या कुत्र्यासाठी नव्हे, बरा झाल्यावर जो समोर येईल त्याच्यासाठी घरात जागा आणि दिवसातला वेळ काढा. तेवढी तयारी नसेल तर आणू नका. एकदा घर मिळून ते पुन्हा हातचं जाणं कुत्र्याला फार जड जातं.