पाळणाघरात कामाला लागण्याआधीची तपासणी

वस्तीतील बऱ्याच भगिनी बालवाडीत किंवा पाळणाघरात मदतनीस म्हणून कामाला लागतात. तब्येतीचा दाखला मागितला की पोटात गोळा येतो : काही निघाले तर काम जाईल! मग खोकला लपवला जातो. खरा धोका तिथेच आहे.

क्षयरोग हवेतून पसरतो. बंद खोलीत दिवसभर मुलांजवळ बसणाऱ्या बाईला फुप्फुसाचा क्षय असेल तर मुलांना लागण होऊ शकते. पाच वर्षांखालील मुलांत तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाण्याची भीती जास्त. बीसीजीची लस गंभीर प्रकारांपासून बरेच वाचवते, पूर्ण नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, यातले काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

हातावर सुई टोचून केलेली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे क्षय झालाच असे नव्हे. जंतू शरीरात नुसते झोपलेले असू शकतात. तशा बाईपासून कोणाला लागण होत नाही. छातीचा एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवतात.

क्षय निघालाच तर साधारण सहा महिने औषध. ते लागू पडले की काही आठवड्यांत लागण पसरणे थांबते. तेव्हा कामावर जाण्यास हरकत नसल्याचा लेखी दाखला डॉक्टरांकडून मागून घ्यावा. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला ५०० ऐवजी १००० रुपये झाले आहेत.