बिल नसलेली वाफ

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले पीटर हायेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातल्या एका मोबाइल-कव्हरच्या दुकानात काउंटरमागच्या पोऱ्याला तो तोंडपाठ होता. ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते. निकोटिनचं गम, पट्टी वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. ‘जवळजवळ डबल, काका! आणि ही तर निव्वळ वाफ.’

आकडे खरेच. प्रस्तुत लेखकाचा राग आहे तो पोऱ्याने गिळलेल्या भागावर.

त्या अभ्यासात कुणाच्या हाती यंत्र ठेवून वाटेला लावलेलं नव्हतं. किमान चार आठवडे, दर आठवड्याला सल्लागार भेटत होता. सुरुवातीला दिलेल्या द्रवात मिलिलिटरमागे १८ मिलिग्रॅम निकोटिन आहे, हे माहीत होतं. आणि सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात गम-पट्टीवर अजून असलेले फक्त ९ टक्के. हे सगळं त्याच सारांशात, थोडं खाली, लिहिलेलं आहे. पण मोबाइल तेवढा खाली सरकवला गेला नाही.

भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा, जाहिरात या सगळ्यावर २०१९ पासून बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भर बाजारात, मोबाइल चार्जरच्या शेजारून वस्तू निघते तेव्हा गिऱ्हाइकाने आधी कायद्याचं पुस्तक उघडायचं का?

पुढे काय झालं, ते ऑफिसजवळच्या टपरीवर शेजारच्या माणसाच्या एका शब्दात आलं. लेखकाच्या एका हातात सिगारेट, खिशातून डोकावणारं यंत्र. ‘दोन्ही?’ त्याने विचारलं. हो, दोन्ही. जिथे धूर चालत नाही तिथे वाफ, म्हणजे गाडीत, जिन्यात, बाथरूममध्ये. आणि चहाबरोबर जुनी सिगारेट. दिवसभर निकोटिनला सुट्टीच नाही. सिगारेटी कमी झाल्या हे समाधानही पोकळ निघालं. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली आलेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला २० सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा एकाच सिगारेटने ओढवतो.

मग यंत्र गळू लागलं. तोंडात कडू द्रव आला. दुकानात गेल्यावर पोऱ्या हसला. ‘बिल कुठाय, काका? कंप्लेंट काय पोलिसात करणार?’ आणि लगेच नवं मॉडेल दाखवायला लागला, कच्च्या कैरीच्या स्वादाचं.

हे हसणं सहज विसरण्यासारखं नाही, कारण बाटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पर्यंत वेपिंगशी जोडलेल्या फुप्फुसांच्या इजेच्या २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ दगावले. मुख्य संशयित ठरलं गांजाच्या अर्काच्या, बव्हंशी चोरट्या मार्गाने मिळवलेल्या काडतुसांतलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. साध्या निकोटिन द्रवाचा तो किस्सा नव्हे, हे खरं. पण लेबल नसलेल्या बाटलीला आपण साधी कशावरून म्हणायचं?

ज्यांना सोडायचीच आहे त्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर फोन करावा. त्याआधी एक नोंद ठेवावी: उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचं गम सुचवतात, नाहीतर २. ते बबलगमसारखं चघळू नये. सावकाश चावावं, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवावं. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी बंद, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही आणि लोक म्हणतात, गमचा उपयोग नाही. पाणी प्यावं, चालावं, हे सगळे सांगतातच.

आधीच दोन्ही चालू असेल, तर रागाच्या भरात यंत्र फेकून पुन्हा पाकिटाकडे वळू नये. आधी सिगारेट पूर्ण थांबवावी, आणि यंत्र कसं सोडायचं ते डॉक्टरांना विचारावं. व्हॅरेनिक्लिनसारखी गोळीही त्यांच्याच चिठ्ठीवर मिळते, बिलासकट.