दवाखान्याचे बिल वाचायचे कसे?

दांड्याच्या कोळणीकडून पापलेटची जोडी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, घासाघीस करतो. खासगी दवाखान्याच्या बिलाचा मात्र खालचा आकडा तेवढा वाचतो आणि दागिना गहाण टाकायला निघतो. माणूस लवकर घरी यावा ही घाई आम्हाला कळते. पण बिल म्हणजे हिशेब, आणि हिशेबात चूक होते.

'औषधे व साहित्य' अशी एकच ओळ आणि पुढे मोठी रक्कम असेल, तर ते बिल घेऊ नका, तपशीलवार मागा. शेवटच्या दिवसाची वाट न पाहता दर दोन दिवसांनी चालू बिल मागितलेले बरे. रुग्णाजवळ बसणाऱ्याने एक वही ठेवावी. डॉक्टर कधी आले, कोणती तपासणी झाली, कोणती औषधे आणली, तारखेसह लिहावे. शाळेत जाणारी मुलगीसुद्धा हे काम चोख करते.

मग वही आणि बिल शेजारी ठेवा. समजा रुग्ण सोमवारी रात्री दाखल झाला आणि गुरुवारी सकाळी सुटला. रात्री तीन झाल्या, खाटेचे भाडे चार दिवसांचे लागले. दिवस कोणत्या वेळेपासून मोजतात, ते लेखी विचारा. एकच रक्ततपासणी दोनदा, न आलेल्या डॉक्टरांची फी, ऑपरेशनच्या पॅकेजमधले साहित्य पुन्हा वेगळे, असे घोळ इथेच सापडतात. परत केलेली औषधे आणि भरलेले डिपॉझिट वजा झाले का, तेही पाहा. छापील एमआरपीपेक्षा जास्त किंमत घेता येत नाही. हृदयातील स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. केस पेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत मिळाली पाहिजे.

चूक दिसली की काउंटरवर भांडू नका. भांडणाची नोंद राहत नाही, अर्जाची राहते. बिलातील ओळ दाखवून व्यवस्थापनाला अर्ज द्या, पोच घ्या. पैसे भरावेच लागले तर 'हरकत नोंदवून भरले' असे लिहून द्या. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. दखल घेतली नाही तर आपल्यासाठी पालिकेच्या एच पश्चिम विभागाचे आरोग्य अधिकारी आहेत.

तपासणीने फरक पडतो. कोरोनाकाळात, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील साध्या वॉर्डचा दर दिवसाला ४,००० रुपये ठरवला आणि बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. लोकांच्या तक्रारींमुळेच हे घडले.

रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. दाखल होतानाच उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवा. नकार मिळाला तर वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो.

रुग्ण हा ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. उपनगरचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ वर फोन करा. वही, बिल आणि अर्जाची पोच हाताशी घेऊन बसा.