कर्करोगाची पूर्वतपासणी : अप्रमादाचा एक आचार

धम्मात अप्रमादाला, म्हणजे अखंड सावधपणाला, सर्व कुशल गुणांचे मूळ मानले आहे. आरोग्याच्या क्षेत्रात या सावधपणाचे एक रूप म्हणजे कर्करोगाची पूर्वतपासणी. व्यवहारात आपण तिला ‘स्क्रीनिंग’ म्हणतो. त्रास सुरू झाल्यावर करतात ते निदान. काहीही त्रास नसताना करतात ती पूर्वतपासणी. हा भेद न उमगल्यामुळे ‘मला कुठे काय झाले आहे?’ असे म्हणत अनेकजण, विशेषतः घरातील स्त्रिया, ती टाळतात.

भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी : स्त्री-पुरुष दोघांच्या मुखाची, आणि स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची. तोंडात पांढरे वा लाल चट्टे आहेत का, हे उजेडात पाहतात. स्तनांतील गाठ हाताने चाचपतात. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, ते पाहतात. यांपैकी कशालाही मोठे यंत्र लागत नाही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एच.पी.व्ही. या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो आणि त्याला बहुधा अनेक वर्षे लागतात. तेवढ्या अवधीत दोष सापडला, तर कर्करोग होण्यापूर्वीच उपचार करता येतो. याचा भक्कम पुरावा आपल्याच मराठवाड्यातून मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एच.पी.व्ही. चाचणी एकदाच करण्यात आली, तेथे सुमारे आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. जेथे केवळ नेहमीची आरोग्यसेवा होती, तेथे ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे होते. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या चाचणीस प्राधान्य दिले. जगाला मिळालेल्या या ज्ञानामागे आपल्याच मातीतील कष्टकरी स्त्रिया आहेत. ते ज्ञान त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोहोचले नाही, तर त्यांचे ऋण फिटणार नाही.

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तपासणीत दोष आढळला म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. पुढील तपासणीनंतरच निदान ठरते. दोष आढळूनही पुढील उपचार घेतले नाहीत, तर तपासणी व्यर्थ जाते. तसेच रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, स्तनातील गाठ किंवा तोंडातील न भरणारी जखम दिसल्यास पाच वर्षांच्या पाळीची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. तंबाखू, गुटखा व मिश्री सोडणे हे तर सर्वांत आधीचे पाऊल होय.

या वसतिगृहातून शिकून गेलेल्या प्रत्येकाने आपल्या आईला, बहिणीला, पत्नीला एकदा तरी सोबत घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि स्वतःचे मुखही तपासून घ्यावे. घरासाठी राबताना स्वतःला सर्वांत शेवटी ठेवणाऱ्या माउलीप्रती करुणा अशी कृतीतूनच प्रकट होते.