नाकाला न कळणारी लसूण

कुळथाच्या पिठीला लसूण किती, हे आमच्या रत्नागिरीत कुणी मोजत नाही. तेल तापलं, ठेचलेल्या पाकळ्या पडल्या, कडा तांबूस झाल्या आणि वास पडवीपर्यंत गेला की हिंग, हळद, पाणी, पीठ, वर दोन आमसुलं. पाकळी काळी पडली तर पिठी कडू होणारच. तेव्हा तेलाचा मोह न धरता फोडणी टाकून नवी करावी. तिसऱ्यांच्या एकशिपीला लसूण सढळ हातानं, सोलकढीला एखादीच पाकळी, आणि तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाला आमच्या घरी अजिबात नाही. तिरफळाला सोबत चालत नाही. हे सगळं नाकाच्या भरवशावर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात नाक तयार होतंच. खवट खोबरं, आंबलेलं वाटण, सालीखाली काळी भुकटी धरलेला लसणीचा गड्डा, सगळं डबा उघडताच कळतं.

म्हणूनच त्या बाटलीबद्दल लिहिते आहे. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या बायकोनं मोठ्या हौसेनं ती आणली होती. अख्ख्या सोललेल्या पाकळ्या ऑलिव्ह तेलात मंद आचेवर मऊ शिजवलेल्या, तेलासकट काचेच्या बाटलीत भरलेल्या. विसर्जनापर्यंत घरात कांदा-लसूण बंद, त्यामुळे बाटली ओट्यावरच्या फळीवर तशीच राहिली. भाद्रपदातला दमट उकाडा तुम्हाला ठाऊक आहेच. विसर्जनानंतर मिरकरवाड्याहून कोळंबी आली, बाटली उघडली, आणि काय तो घमघमाट! रंग सोनेरी, बुरशी नाही, बुडबुडा नाही.

अडवलं ते शेजारच्या मुलीनं. ती शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. डबाबंद मासळीच्या अभ्यासात हा विषय त्यांना असतो. तिचा प्रश्न एकच होता: "काकू, ही फ्रिजबाहेर किती दिवस होती?" उत्तर ऐकून तिनं झाकण लावलं. सूनबाई हिरमुसली. मलाही ते जरा जास्तच वाटलं, पण तिनं समजावलं ते पटलं.

लसूण मातीतली. मातीत बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि ते पाकळीबरोबर घरात येतात. एरवी ते निरुपद्रवी, कारण त्यांना वाढायला हवा नसलेली जागा लागते. पाकळी तेलात बुडवली की नेमकी तशी जागा मिळते. त्यात लसणीला ओल आहे, आंबटपणा जवळजवळ नाही आणि बाहेर उकाडा. शिजवलं तरी बीजाणू टिकतात: तेल कितीही तापो, पाकळीत पाणी आहे तोवर तिच्या आतली उष्णता शंभर अंशांच्या आसपासच राहते, आणि तेवढ्यानं ते मरत नाहीत. मग ते विष तयार करतात. त्याला वास, रंग, चव असेलच असं नाही.

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या चिरलेल्या लसणीनं ३६ जण आजारी पडले. ती बाटली थंड जागी ठेवायची होती, ठेवली गेली नव्हती. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तिघांना तेच झालं. त्यानंतर अमेरिकेत अशा बाटल्यांत आम्ल घालणं सक्तीचं केलं गेलं.

आम्ल म्हणजे आपल्याकडे आमसूल, लिंबू, व्हिनेगर. आपल्या जुन्या पदार्थांकडे या नजरेनं पाहिलं की गंमत वाटते. लसणीची सुकी चटणी भाजलेल्या खोबऱ्याची, ओल नाही, मीठ भरपूर. लोणच्यात लिंबाचा रस आणि मीठ. सोलकढीला आगळ, शिवाय ती त्याच दिवशी संपते. आणि फोडणी तर लगेच पोटात जाते. महिनाभर तेलात बुडवून ठेवलेली बिनआंबट लसूण आपल्याकडे नव्हतीच. ती आता मोबाइलवरच्या पाककृतींतून येते, दिसते सुंदर, आणि ठेवायचं कुठे हे त्यात कुणी सांगत नाही.

पण सूनबाईची बाटली बाजूला ठेवा, तुमच्या घरची आलं-लसूण पेस्ट बघा. हिरवी पडू नये म्हणून वर तेलाचा थर ओतून ती ओट्यावर ठेवणाऱ्या कितीतरी घरांत मी जेवले आहे. तो थर ओतू नका. पेस्ट थोडी करा, फ्रिजमध्ये ठेवा. जास्त हवी तर बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या काढा. तेलातली लसूण खायचीच तर त्याच दिवशी करून खा. उरलेली लगेच फ्रिजमध्ये, फार तर चार दिवस. वरून लिंबू पिळलं म्हणजे ती टिकाऊ झाली असं धरू नका, आंबटपणा पाकळीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावा लागतो. सुक्या चटणीत ओला चमचा घालणाऱ्याला मात्र माझ्या घरी चटणी मिळत नाही. आणि लिंबातली किंवा व्हिनेगरमधली लसूण निळी-हिरवी झाली म्हणून घाबरून फेकू नका. आंबटाशी लसणीतल्या गंधकाच्या संयुगांची ती रासायनिक क्रिया आहे, खायला काही हरकत नाही. डोळे दोन्हीकडून फसवतात.

कुणी अशी लसूण खाल्लीच असेल आणि त्यानंतरच्या काही तासांत किंवा दिवसांत दोन-दोन दिसू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली, घास गिळेना, तर पित्त किंवा थकवा समजून घरी थांबू नये. ताप नसतो, म्हणून लोक फसतात. थेट मोठ्या इस्पितळात जावं आणि काय खाल्लं ते आपणहून सांगावं. विषावरचा उतारा लवकर मिळणं महत्त्वाचं. उशीर झाला तर श्वासाचे स्नायू थकतात आणि कृत्रिम श्वास द्यावा लागतो.

राहिला त्या बाटलीचा प्रश्न. मी ती परसातल्या खतखड्ड्यात ओतायला निघाले होते. मुलगी म्हणाली, तिथं कोंबड्या टोचतात ना, त्यांनाही हे बाधतं. झाकण घट्ट लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून ती कचरागाडीत गेली. कोंबडीची वाटण घालून केलेली सागुती दुसऱ्या दिवशी झाली, ताज्या ठेचलेल्या लसणीची, सूनबाईनंच ठेचली.